कातळावरचा शिधा

मलंगगडाच्या आपल्या बाजूला, रानातून चढणाऱ्या वाटेवर, एक मोठा सपाट कातळ आहे. गेल्या फेब्रुवारीत चकलीआजीला त्या कातळावर जायचं होतं, आणि तिला तिथवर जाऊच द्यायचं नाही असं आम्ही तिघी मैत्रिणींनी आदल्या संध्याकाळी फोनवर ठरवून टाकलं होतं. तिच्या भल्यासाठीच ठरवलं होतं. त्या दिवसाबद्दल मी तुम्हा नातवंडांना काही बोलले नाही. फोनवर तुमचे चेहरे समोर आले की मी शाळा, जेवण आणि थंडी यांच्यापलीकडे जात नाही. म्हणून लिहिते आहे. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं आणि तुम्हालाही इंग्रजी वाचणं सोपं जाईल, हे मला कळतं; पण त्या दिवशी जे बोलणं झालं ते मराठीत झालं, ते तसंच तुमच्यापर्यंत यावं असं वाटतं. अडेल तिथे बाबाला वाचून दाखवायला सांगा. त्यानेही हे वाचायला हवं आहे.

चकलीआजी हे नाव तुम्हीच ठेवलंत. तुम्ही आलात की बदलापूरहून चकल्यांचा डबा घेऊन येते ती. पूर्वी ती अंबरनाथ पश्चिमेला आमच्याच कॉलनीत राहायची, आमच्या समोरच्या दारात. तिचे यजमान आणि तुमचे आजोबा एकाच कारखान्यात होते. निवृत्तीनंतर त्या दोघांनी बदलापूरला फ्लॅट घेतला. त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा. मुलगा धाकटा. तो सैन्यात गेला, आणि त्या फेब्रुवारीच्या दोन वर्षं आधी उत्तरेच्या सीमेवर बर्फाखाली सापडून गेला. तुम्ही तेव्हा फार लहान होता. बाबा आठवडाभर कोणाशी बोलत नव्हता, एवढं कदाचित आठवत असेल.

बाकीच्या दोघींचीही ओळख करून देते. एक बाई. त्या शाळेत इतिहास शिकवायच्या, म्हणून कॉलनीत सगळे त्यांना बाईच म्हणतात, त्यांचे यजमानसुद्धा. दुसरी भाभी, उल्हासनगरची सिंधी. तिच्या घरचं कापडाचं दुकान आहे. तिची मुलगी आणि तुमचा बाबा एका वर्गात होते, त्या ओळखीवर ती आमच्यात आली आणि राहिली. तिची मराठी चुकते, पण अडत नाही.

मुलं लहान होती तेव्हा बाईंनी या सहली सुरू केल्या. दर हिवाळ्यात एक दिवस, आसपास जिथे कधीकाळी लढाई झाली असेल तिथे चालत जायचं. बाईंचं म्हणणं असं की लढाई फळ्यावर कळत नाही, पाय दुखल्यावर कळते. आम्ही फिरलो बऱ्याच ठिकाणी, पण मुलांना मलंगगडच लागायचा. गडाच्या पलीकडच्या अंगाने पायऱ्या आहेत, दुकानं आहेत, नवस फेडायला आलेल्यांची गर्दी असते. आमची वाट अलीकडची, सागाच्या रानातली, जिथे सुटीच्या दिवशीही फारसं कोणी भेटत नाही.

पेशवाईच्या काळात इंग्रजांनी या गडाला वेढा घातला होता. खालची माची त्यांनी घेतली, पण वरचा बालेकिल्ला काही त्यांच्या हाती येईना. वरचे लोक दगड सोडायचे आणि खालचे मागे सरायचे. मुलांनी या गोष्टीचा खेळ केला होता. कातळ म्हणजे बालेकिल्ला. काही जण वरचे, काही जण खालचे. दगडांऐवजी वाळक्या गवताचे गोळे. इंग्रज व्हायला कोणीच तयार नसायचं, म्हणून मुलांनी आपापसात न्याय केला की जो इंग्रजी शाळेत जातो तो इंग्रज. त्यामुळे तुमचा बाबा दर वर्षी इंग्रजांचा कॅप्टन. माझ्यावर रागवायचा, मला मराठी शाळेत का नाही घातलंस म्हणून.

चकलीआजीचा धाकटा सगळ्यांत लहान. त्याला कोणी लढायला घेईना. तो रडायला लागला तेव्हा बाई म्हणाल्या, "अरे, वरच्यांना शिधा कोण पोचवणार? दाणागोटा नसेल तर ते लढणार कशाच्या जिवावर?" तेव्हापासून शिधा त्याच्याकडे. शिधा म्हणजे बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात भरलेले गूळ आणि शेंगदाणे. डब्याला पायजम्याची नाडी बांधून तो गळ्यात अडकवायचा आणि इंग्रजांना चुकवत करवंदीच्या जाळ्यांतून सरपटत वर जायचा. कातळाखाली पोचला की वरून विचारायचं, "कोण येतंय?" त्याने म्हणायचं, "आपलाच माणूस. शिधा आलाय." मग गड राखला. सगळे, इंग्रजसुद्धा, कातळावर बसून शेंगदाणे खायचे.

एका वर्षी तुमच्या बाबाने त्याला वाटेतच पकडलं आणि इंग्रजांनी खालीच डबा रिकामा केला. धाकटा रडला नाही. वाटेवर बसून राहिला. त्या दिवशी त्याने आपला स्वतःचा डबाही उघडला नाही. आईने विचारलं तर म्हणाला, "वरचे उपाशी आहेत." घरी परत येईपर्यंत उपाशी राहिला तो.

मुलं मोठी झाली, पांगली, आणि सहल आमची चौघींची राहिली. तो गेल्यावर चकलीआजी यायची थांबली. आम्ही दोन हिवाळे कुठेच गेलो नाही. तिला वगळून जायचं कसं, आणि तिला बोलवायचं तरी कसं, हे आम्हाला कळत नव्हतं. गेल्या फेब्रुवारीत तिचाच फोन आला. "ताई, यंदा जाऊया. मलंगगडाला." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवल्यावर ताबडतोब बाईंना लावला.

आमचं ठरलं ते असं. बाईंनी लढाईचा विषय काढायचा नाही. भाभीने नेहमीसारखं बोलत राहायचं, म्हणजे सगळं हसतखेळत होईल. कातळाच्या अलीकडे वाटेला फाटा फुटतो, तिथे मी गुडघा धरून बसायचं, आणि डावीकडच्या झऱ्याशी डबे उघडून तिथूनच परत फिरायचं. मी हे सगळं नीट आखलं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. औषधांची पिशवी वेगळी, पाण्याची वेगळी, गळ्यात शिट्टी, प्रत्येकीच्या डब्यात काय आहे ते मला ठाऊक. दुःखाचीही अशीच व्यवस्था लावता येते, असं मला तेव्हा वाटलं असावं.

सकाळी अंबरनाथ स्टेशनच्या पुलावरून पूर्वेला उतरलो. चकलीआजी बदलापूरहून येऊन उभीच होती. साडीऐवजी पंजाबी ड्रेस, पायात मुलीने पाठवलेले बूट, पाठीवर सॅक. वाळली होती. भाभीने तिला लांबूनच हाक मारली, "अड़ी, अगं तू तर कॉलेजची छोकरी दिसते. मी बघ, बॅग वेगळी आणि मी वेगळी बॅग." चकलीआजी हसली. मला बरं वाटलं. म्हटलं, चाललं आहे आखल्याप्रमाणे.

रिक्षात भाभी सुनेबद्दल बोलत होती. सून कोकी करत नाही, ऑनलाइन मागवते. "कोकी, मागवायची चीज आहे काय? जाड पोळी, कांदा घालायचा, दोनदा भाजायची. माझी सासू ऐकली असती तर वरून खाली आली असती." बाई म्हणाल्या, "आणि तुझ्या हातची खाऊन परत वर गेली असती." नेहमी या बोलण्यावर चकलीआजीचं काहीतरी यायचं. ती बाहेर बघत होती. एका चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स होता, कुठल्याशा दादाचा, हार घातलेला फोटो. ती सहज म्हणाली, "आमच्या चौकात धाकट्याचा लावला होता ना, तिथे आता असाच एक आहे." भाभीने पुन्हा सुनेचा विषय काढला.

पायथ्याच्या गावापासून वाट सुरू होते. भात कापून झालेली खाचरं, मग सागाचं रान. पानं गळून पडलेली, पायाखाली पापडासारखी मोडत होती. सावरी फुलल्या होत्या, झाडावर पान नाही आणि फुलं लाल. आम्ही त्या फुलांबद्दल बोललो. पक्ष्यांबद्दल बोललो, जरी आम्हा चौघींत कोणालाच पक्षी ओळखता येत नाहीत. भाभीने एका पक्ष्याला पोपट म्हटलं, बाई म्हणाल्या कोतवाल असेल, मी म्हटलं असेल. इतकं फोल बोलणं आम्ही आयुष्यात केलं नसेल. बाई दर दहा पावलांवर काही सांगायला तोंड उघडायच्या आणि मिटायच्या. त्यांना किती जड जात होतं ते मला मागून त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

गाव संपल्यावर एका झाडाखाली जुना वीरगळ आहे. लढाईत पडलेल्या माणसासाठी उभा केलेला दगड. वर चंद्र-सूर्य, खाली ढाल-तलवारवाला माणूस, पण आता त्याचं नाक-डोळे झिजून गेले आहेत आणि गावातले लोक त्याला शेंदूर लावतात. कोणासाठी उभा केला ते कोणालाच माहीत नाही. बाई इथे नेहमी थांबायच्या, मुलांना दगडाची पट्टी न् पट्टी वाचून दाखवायच्या. त्या दिवशी त्या दगडाकडे न बघता पुढे गेल्या. मीही गेले. भाभी तर बोलण्याच्या नादात होतीच.

मागे पावलांचा आवाज येईना म्हणून मी वळून पाहिलं. चकलीआजी दगडासमोर उभी होती. तिने खाली पडलेलं सावरीचं एक फूल उचललं, झटकलं, दगडापाशी ठेवलं. मग आमच्याकडे बघून म्हणाली, "बाई, आज याचं काही नाही?"

"ऊन वाढतंय ग," बाई म्हणाल्या. "येताना बघू."

तिने मान हलवली आणि चालू लागली. त्यानंतर मात्र ती आमच्या पुढे चालायला लागली.

वर एक गावकरीण भेटली, डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन उतरत होती. वाट द्यायला आम्ही कडेला झालो. ती म्हणाली, "कुठं निघाल्या बायांनो? झऱ्याला पानी नाय यंदा. आटलाय." आणि उतरून गेली.

माझ्या आखणीतला झरा गेला. तरी फाट्यापाशी पोचल्यावर मी ठरल्याप्रमाणे दगडावर बसले आणि गुडघा धरला. "माझं इथपर्यंतच. तुम्ही म्हणाल तर इथेच डबे उघडू."

"हां, बस झालं," भाभी म्हणाली. "मला पण दम लागला. कोकी थंड होते."

चकलीआजी माझ्यासमोर उभी राहिली. उजवी वाट तिच्या मागे वर जात होती. "कुठला गुडघा?" तिने विचारलं.

"हा."

"मघाशी तर तू त्याच पायावर जोर देऊन चढत होतीस, ताई."

मी गुडघ्यावरचा हात काढला. बाईंनी पाण्याची बाटली काढली आणि तिचं झाकण उघडेना म्हणून त्यातच बघत राहिल्या.

"तुम्ही तिघी ठरवून आलाय ना?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला कातळाकडे न्यायचं नाही. लढाईचं बोलायचं नाही. घरी पण हेच चाललंय. टीव्हीवर फौजी दिसला की हे रिमोट घेतात. मुलीचा फोन येतो, ती मला बागेतल्या कुंड्यांबद्दल विचारते. माझ्याकडे दोन कुंड्या आहेत ग. दोन कुंड्यांवर किती बोलणार?"

"आम्हाला वाटलं तुला त्रास होईल," मी म्हटलं.

"त्रास होणारच आहे. तो इथे बसले तर होणार नाही का?"

ती खाली बसली आणि तिने सॅक उघडली. आत टॉवेलमध्ये गुंडाळलेला तो पत्र्याचा डबा होता. कडांना गंज आला होता, वरच्या चित्रातले पोपट जाऊन फक्त हिरवे डाग उरले होते. नाडी मात्र नवीन होती, पांढरी. डबा भरलेला आहे हे त्याच्या वजनावरूनच कळत होतं.

"शेंगदाणे यांनी भाजलेत पहाटे उठून," ती म्हणाली. "मी काही सांगितलं नव्हतं. मी उठले तर गॅसपाशी उभे. म्हणाले, साल काढू की तशीच ठेवायची? मी म्हटलं, तो सालीसकट न्यायचा."

भाभी तिच्या शेजारी जमिनीवर बसली. तिला खाली बसलं की उठता येत नाही, तरी बसली.

"तो लढाईत नाही गेला, बाई," चकलीआजी म्हणाली. "लोक येतात आणि काय काय बोलतात. शूर होता, शत्रूला भिडला. मी ऐकून घेते. तो कोणालाच भिडला नाही. वरच्या चौकीवर शिधा घेऊन चालले होते ते. रस्ता बंद होता म्हणून पायी. बर्फ सुटलं वरून. त्याच्या साहेबांनी मला सांगितलं ना, समोर बसून, चहा न पिता सांगितलं. पीठ, तेल आणि रॉकेल नेत होते." तिने डब्यावर हात ठेवला. "मला पहिली आठवण या डब्याची आली. मुलगा गेल्याचं सांगताहेत आणि माझ्या डोळ्यांसमोर हा डबा. वरचे उपाशी राहिले असतील, हेच येत होतं मनात. कोणाला बोलणार होते मी हे? लोकांनी वेडी म्हटलं असतं."

सागाचं एक पान गळून खाली आलं, सावकाश, मोठ्या पानाला लागतो तेवढा वेळ घेऊन.

"पोचला नाही तो," ती म्हणाली. "मला हा एकदा वर पोचवायचाय. एवढंच आहे माझं. मग तुम्ही म्हणाल ते बोलू, कुंड्यांबद्दल बोलू."

सगळ्यांत आधी बाई उठल्या. त्यांनी पदर खोचला आणि वर्गात शिरताना काढायच्या तसा आवाज काढला. "उठा. गोष्ट चढताना सांगायची असते. बसून सांगितली तर कळत नाही."

भाभीला उठवायला आम्ही दोघी लागलो. "खेचा, खेचा," ती म्हणाली, "गड घ्यायचा तर तोफ पण वर न्यावी लागते." चकलीआजी हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा बिघडला, आणि तिने तो तसाच राहू दिला. आम्हीही त्याकडे बघत राहिलो. दोन वर्षांत मी तिला रडताना समोरून पाहिलं नव्हतं. मी नेहमी त्या वेळी चहा ठेवायला उठायची.

उजवी वाट धरली. बाईंनी सगळं सांगितलं, काहीही गाळलं नाही. माची कशी पडली, वरची वाट कशी अरुंद, दगड कुठून सुटायचे. वेढा घालणाऱ्या इंग्रजांनाच मग बाहेरून कसा वेढा पडला आणि त्यांचीही उपासमार व्हायची वेळ कशी आली. एका वळणावर त्या थांबल्या, दम घ्यायला की आणखी कशाला ते मला कळलं नाही. म्हणाल्या, "किल्लेदार कोण, साहेब कोण, ते पुस्तकात आहे. शिधा कोण नेत होतं ते कुठे लिहिलेलं नाही. मी ते काम त्याला दिलं ग. तो रडत होता म्हणून दिलं."

"त्याला आवडायचं ते," चकलीआजी म्हणाली. "फौजेत गेल्यावर पहिल्या सुटीला आला तेव्हा मला म्हणाला होता, आई, बाईंना सांग, प्रमोशन नाही झालं, अजून शिधाच वाहतोय. मी विसरले तुम्हाला सांगायला. राहूनच गेलं."

बाईंनी तोंडाला पदर लावला आणि पुढे चढत राहिल्या.

कातळ तसाच आहे. मुलं लहान असताना तो मला उंच वाटायचा, आता त्याच्या कडेला हात लावून चढता येतं एवढाच वाटला. वरून सगळं दिसतं. अंबरनाथच्या कारखान्यांच्या चिमण्या, चिखलोलीच्या नव्या इमारती, मागे बदलापूरचे टॉवर. पूर्वी आपल्या कॉलनीची पाण्याची टाकी दिसायची आणि धाकटा तिच्याकडे बोट करून आपलं घर दाखवायचा. टाकी आता इमारतींमागे गेली.

चकलीआजीने आम्हाला वर जायला सांगितलं. "तुम्ही वरच्या. मी खालून येते." तिने डबा गळ्यात अडकवला. आम्ही तिघी एकमेकींना धरत कातळावर चढलो आणि उभ्या राहिलो. ती थोडी खाली उतरून गेली, करवंदीच्या जाळीच्या पलीकडे, जिथून तो यायचा. जाळी आता खूप वाढली आहे. ती दिसेनाशी झाली. नुसता डब्यात शेंगदाणे हलल्याचा आवाज येत होता.

मग ती कातळाखाली आली आणि थांबली. वर बघत होती. आता आम्ही विचारायचं होतं. मी गळ्यातली शिट्टी धरून उभी होते. बाईंकडे बघितलं, त्या डोळे मिटून उभ्या होत्या. आयुष्यभर शाळेत बोललेली बाई. खाली ती वाट बघत होती, आणि विचारल्याशिवाय तिला वर येता येत नव्हतं. खेळाचा नियमच तसा होता.

भाभीनेच विचारलं. इतक्या वर्षांत ऐकून तिलाही पाठ झालं असणार. दुकानात गिऱ्हाइकाला हाक मारायच्या खणखणीत आवाजात तिने विचारलं, "कोण येतंय?"

चकलीआजीने दोन्ही हातांनी डबा धरला. "आपलाच माणूस," ती म्हणाली. "शिधा आलाय."

आम्ही हात देऊन तिला वर घेतलं. तिने झाकण उघडलं, आम्हा प्रत्येकीच्या ओंजळीत शेंगदाणे आणि गुळाचा खडा घातला, आणि सगळ्यांत शेवटी स्वतः घेतला. शेंगदाणे जरा जास्तच भाजले गेले होते, काही काळे पडले होते. पहाटे उठून गॅसपाशी उभं राहिलेल्या त्या माणसाला ते दिसले नसतील. आम्ही तेही खाल्ले. डबा मात्र तिने पूर्ण रिकामा केला नाही. तळाशी मूठभर ठेवले.

उतरताना तिने तुमच्या बाबाची चौकशी केली. कसा आहे, केस पांढरे झाले का, मुलं मराठी बोलतात का. मग म्हणाली, "त्याचा फोन येत नाही ग मला. आमचा धाकटा गेला तेव्हा एकदा आला होता, तेव्हा त्याला बोलताच येईना. मग आलाच नाही."

"त्याला काय बोलावं कळत नसेल," मी म्हटलं.

"काहीही बोलू दे. धाकट्याला पकडलं होतं ते बोलू दे. माझ्या मुलाबरोबर जो जो खेळला तो आता माझ्याशी बोलत नाही. मग मी त्याच्याबद्दल बोलू कोणाशी?"

वीरगळापाशी बाई थांबल्या. येताना बघू म्हटलं होतं ते त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत सगळा दगड वाचून दाखवला, आम्ही चौघीच असताना, मुलांना सांगायच्या तसा. सकाळचं फूल ऊन लागून मिटलं होतं.

स्टेशनवर तिने मला बाजूला घेतलं आणि डब्याच्या तळाचे शेंगदाणे कागदात बांधून दिले. "हे इंग्रजाचे," म्हणाली. "कातळावर त्यालाही वाटा असायचा. पोस्टाने जात असतील तर पाठव. नाहीतर ठेव, आल्यावर दे." आणि बदलापूरच्या बाजूला निघाली. सॅकमध्ये तो रिकामा डबा वाजत होता, ती जिना उतरेपर्यंत ऐकू येत होता.

ते पोस्टाने जात नाहीत, मी चौकशी केली. खाण्याच्या वस्तूंना तुमच्याकडे फार कटकटी आहेत. मी ते स्टीलच्या लहान डबीत घालून ठेवले आहेत, वरच्या फडताळात, मीठ आणि साखरेच्या मागे. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्याला लेबल असतं हे तुम्हाला माहीत आहे; तुम्ही त्यावरून मला हसता. या डबीवर मी काय लिहावं ते मला सुचलं नाही, म्हणून ती तशीच आहे. शेंगदाणे खवट होतील लवकरच. ते मला चालेल. बाबाला एवढंच सांगा की तुझा वाटा आजीकडे ठेवलेला आहे, आणि तो आला की बघू, पण त्याआधी त्याने बदलापूरला फोन करावा. संध्याकाळी ती घरीच असते. ती काय विचारेल ते मला ठाऊक नाही. त्याने ते पकडल्याचं सांगितलं तरी पुरे.